चार वर्षं नर्सिंग शिकले, आणि पहिल्याच नाइटला हात थरथरत होते

लातूरकरीण · रात्री ११.४२

नर्सिंगमधलं इथे कोणी आहे का माहीत नाही, तरी लिहून टाकते. रूममेटला सांगून झालं, आईला सांगण्यात अर्थ नाही, ती म्हणेल गावाकडे ये.

यंदा बीएस्सी नर्सिंग झाले. कॉलेज लातूरकडचंच. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडल्यावर पुण्यात एका खासगी हॉस्पिटलला लागले, त्याला आता सहा आठवडे होतील. ओरिएंटेशन तीन दिवसांचं. पहिल्या दिवशी एचआरची भाषणं, आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं आणि हात धुण्याच्या पायऱ्या. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवरच्या नोंदी. तिसऱ्या दिवशी एका सिस्टरच्या मागे मागे फिरले, ती बिचारी इतक्या घाईत होती की माझ्याशी चार वाक्यं बोलली असेल. चौथ्या दिवशी पेशंट माझ्या नावावर. दुसऱ्या आठवड्यात नाइट: १४ पेशंट, मी आणि एक मावशी. शेजारच्या वॉर्डात एक सीनियर सिस्टर, “काही लागलं तर हाक मार” म्हणून गेलेल्या.

हार्ट फेल्युअरवर दहा मार्कांचं उत्तर मी आकृतीसकट लिहू शकते. पण २ नंबरला धाप लागलीय, ७ नंबरचा हात सुजलाय कारण सलाइन बाहेर चाललंय, ११ नंबरचे नातेवाईक बिल घेऊन समोर उभे आणि लॅबचा फोन वाजतोय, तेव्हा आधी कुठे जायचं हे कुठल्याच पेपरात नव्हतं.

आता खरं ते सांगते. रात्री अडीचला एका पेशंटचं रक्तातलं पोटॅशियम २.८ आलं, म्हणजे फारच कमी. फोनवर डॉक्टरांची ऑर्डर मिळाली, “केसीएल २० देऊन टाक.” केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मी अँप्यूल फोडला, १० एमएलच्या सिरिंजमध्ये भरला आणि पेशंटकडे निघाले. शेजारच्या सिस्टर मायक्रोसेट (बारीक थेंबांचा सलाइन सेट) मागायला आल्या होत्या. माझ्या हातात काय आहे ते बघून त्यांनी सिरिंज अक्षरशः ओढून घेतली. “बाटलीत, अगं, बाटलीत!”

केसीएल थेट शिरेत दिलं तर हृदय बंद पडतं, हे मी फार्माकॉलॉजीत लिहून आलेय. त्या रात्री ते आठवलंच नाही. त्या कोणालाही काही बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून ड्युटीला निघताना पोटात गोळा येतो. सगळ्यांचं असंच होतं, की मीच कच्ची आहे?

चिंचगूळ · रात्री ११.५८

मी नर्स नाही. पण वाचते आहे. लिहिलंस ते बरं केलंस.

वऱ्हाडी ब्रदर · रात्री १२.२०

ताई, सगळ्यांचं असंच होते. मी आयसीयूत सहा वर्षं काढली, नागपूरला. पहिल्या महिन्यात बाथरूममध्ये जाऊन रडलेला माणूस आहे मी, आणि माझी उंची सहा फूट आहे.

आधी केसीएलचं बोलून घेऊ, कारण नवीन पोरं हा धागा वाचतील. आपल्याकडचा १५ टक्केवाला १० एमएलचा अँप्यूल म्हणजे २० मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक), ऑर्डरमधले २० तेच. तो पातळ केल्याशिवाय शिरेत जात नाही. साध्या वॉर्डात हाताच्या शिरेतून तासाला १० च्या वर जायचं नाही, म्हणजे ५०० च्या बाटलीत टाकला तर कमीत कमी दोन तास. बाटली नीट उलटसुलट करून मिसळायची, नाहीतर सगळं औषध खाली बुडाशी बसून पहिल्या दहा मिनिटांतच आत जाते. बाटलीवर लेबल लावायचं. लघवी होते का ते आधी बघायचं. आणि फोनवरची ऑर्डर असेल तर परत म्हणून दाखवायची: “सर, केसीएल २०, एनएस (साधं सलाइन) ५०० मध्ये, इतक्या तासांत, बरोबर?” समोरचा झोपेत असतो. “देऊन टाक” म्हणणारा माणूस सकाळी “मी असं म्हटलंच नव्हतं” म्हणतो, हे मी दोनदा पाहिलं आहे.

खरं म्हणजे असा अँप्यूल वॉर्डाच्या ट्रॉलीत बाकीच्या इंजेक्शनांच्या शेजारी पडूनच नसला पाहिजे. वेगळा, कुलपात, लाल स्टिकर लावून. तुमच्याकडे कुठं ठेवतात?

लातूरकरीण · रात्री १२.३१

दादा, ट्रॉलीतच. पॅन आणि इमसेट, म्हणजे ॲसिडिटी आणि उलटीच्या इंजेक्शनांच्या शेजारच्या कप्प्यात.

वऱ्हाडी ब्रदर · रात्री १२.३३

बस. म्हणजे चूक तुझ्या एकटीची नाही.

स्पष्टवक्ता_पुणे · सकाळी ७.१५

माफ करा, पण वडील मागच्याच वर्षी पुण्यात ॲडमिट होते म्हणून विचारतो. चार वर्षं शिकून इतकी मूलभूत गोष्ट येत नसेल तर परीक्षा कसल्या घेतात? आम्ही दिवसाला हजारो रुपये भरतो. आताच्या मुलींचं लक्ष रील्समध्ये असतं हे डोळ्यांनी पाहिलंय.

पांढरीपाटी · सकाळी ८.०५

स्पष्टवक्ता, तुमच्या वडिलांच्या वॉर्डात एका सिस्टरकडे किती पेशंट होते, ते मोजलं होतंत का? नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स हवी, शिकवण्याच्या हॉस्पिटलात तिनामागे एक, आयसीयूत एकास एक. या मुलीकडे १४ आहेत. तुम्ही भरलेल्या हजारांतले हिच्या हातात किती पडतात, तेही विचारा. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच शिफारस केली होती की अगदी ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला किमान २० हजार मिळावेत, आणि २०० खाटांच्या वर असेल तर सरकारी पगाराइतके.

लातूरकरीण · सकाळी ८.४०

हातात १६ येतात. हॉस्टेलचे कापून.

शिकवणारी · सकाळी १०.१०

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, त्यामुळे दगड माझ्याकडेही येणार हे धरून लिहिते.

मुली कच्च्या राहतात हे खरं आहे. त्याचं कारण रील्स नव्हे. आमच्याकडे सकाळी बस भरून मुली जिल्हा रुग्णालयात जातात. कागदावर एका विद्यार्थिनीमागे तीन खाटा. प्रत्यक्षात त्याच वॉर्डात आणखी दोन कॉलेजांच्या बस आलेल्या असतात. एका पेशंटचं बीपी सकाळपासून पाच जणींनी घेतलेलं असतं, सहावी गेली की तो पांघरूण डोक्यावर घेतो. मग मुली काय करतात? बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), स्पंज, आणि उरलेला वेळ जर्नल. केअर प्लॅन मागच्या बॅचकडून उतरवलेला. मला अक्षर ओळखू येतं हो, मजकूर तर तोंडपाठ आहे: “रुग्णाला आश्वस्त केले”.

त्यात विद्यार्थिनी म्हणून तिला कायम एक पेशंट मिळतो. एका पेशंटचं सगळं, अगदी केसांपासून नखांपर्यंत. नोकरीत पहिल्या दिवशी १४ मिळतात. एक पेशंट नीट सांभाळण्याचा सराव चौदा वेळा केला म्हणून चौदा पेशंट सांभाळता येत नाहीत, ते वेगळंच काम आहे. कुणाला आधी बघायचं, कुठलं काम मावशींवर सोपवायचं, कुठलं अर्धा तास थांबू शकतं, ही निवड आम्ही तिला कधी करूच दिली नाही. प्रत्येक वेळी मॅडम मागे उभ्या.

२०२१ च्या नव्या अभ्यासक्रमात आठव्या सेमिस्टरला २२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे, आठवड्याला ४८ तास. कागदावर उत्तम. पण बऱ्याच ठिकाणी इंटर्न म्हणजे फुकटची स्टाफ. तिला शिकवायला कोणी नेमलेलं नसतं, रिकामी जागा भरायला नेमतात. आणि कोविडमध्ये ज्यांची पहिली-दुसरी वर्षं गेली त्या मुलींनी रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालणं मोबाइलवर पाहिलं. डमीवरसुद्धा नाही.

स्पष्टवक्ता_पुणे · सकाळी १०.४५

हे मला माहीत नव्हतं. रील्सवालं वाक्य मागे घेतो. पण मग पेशंटने कुणाच्या भरवशावर झोपायचं?

वाड्यावरची · दुपारी १.३०

स्पष्टवक्ता, हॉस्पिटल निवडताना फक्त सर्जनचं नाव विचारता ना? रात्री एका मजल्यावर किती सिस्टर असतात तेही विचारा. नातेवाईक विचारायला लागले तर मॅनेजमेंट ऐकेल. आमचं कोण ऐकतंय!

निवृत्त परिसेविका · दुपारी ३.५०

बाळ लातूरकरीण, मी सरकारी नोकरीत अधिपरिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. तेहतीस वर्षं. टायपिंगच्या चुका पोटात घाला, नातू शेजारी बसलाय.

आमच्या वेळी शिक्षण कमी आणि राबवणं जास्त होतं. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या मुली हॉस्टेलात राहून वॉर्ड चालवायच्या. तिसऱ्या वर्षाची मुलगी नाइटला इनचार्ज असायची. त्यामुळे पास होऊन आलेल्या मुलीला पुस्तकातलं थोडं कमी यायचं, पण वॉर्ड यायचा. ते चांगलं होतं असं म्हणत नाही मी. विद्यार्थिनींच्या जिवावर हॉस्पिटलं चालवली सरकारने. पण ते बंद करताना त्याच्या जागी दुसरं काही ठेवलं नाही.

माझ्या वॉर्डात नवीन मुलगी आली की मी तिला पहिले पंधरा दिवस इंजेक्शनच्या ट्रॉलीला हात लावू द्यायची नाही. एकच काम. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटांचा ताबा, घेताना माझ्याबरोबर प्रत्येक खाटेपाशी उभं राहायचं आणि मला सांगायचं, या वॉर्डातला आज सगळ्यात वाईट पेशंट कोणता आणि का. रोज चुकायच्या. सलाइन, नळ्या, मॉनिटर ज्याला जास्त तोच वाईट असं वाटायचं त्यांना. मी म्हणायची, तो नव्हे, तो कोपऱ्यातला बघ, कालपर्यंत चहासाठी भांडत होता, आज भिंतीकडे तोंड करून गप्प पडलाय. दहा-बारा दिवसांनी डोळा बसायचा. ओव्हर टेबलाशी बसून वहीतून घेऊ नकोस, खाटेशी जाऊन घे. सलाइन कुठवर आलं, कॅथेटरची पिशवी किती भरली, पट्टी ओली आहे का, हे स्वतः बघून मगच “घेतलं” म्हण. एकदा तू घेतलंस की तिथून पुढचं तुझं.

दुसरं. श्वास मोज.

वऱ्हाडी ब्रदर · दुपारी ४.०२

मॅडम, साष्टांग! श्वासाचं मी लिहिणारच होतो. कुठल्याही वॉर्डाचा टीपीआर चार्ट उघडा. रेस्पिरेशन: २०, २०, २०, १८, २०. बाजूचा पेशंट, २०. त्याच्या बाजूचा, २०. पूर्ण महाराष्ट्र मिनिटाला वीसदा श्वास घेऊन राहिला आहे.

पेशंट बिघडायला लागला की बरेचदा बीपीच्या आधी श्वास वाढते. तो मोजायला मशीन लागत नाही, एक मिनिट लागते. नाडी बघतो असं दाखवायचं, मनगट धरून ठेवायचं आणि छाती बघायची, नाहीतर पेशंट मुद्दाम वेगळा श्वास घेतो. २५ च्या वर दिसला की त्याला डोळ्याआड करायचं नाही.

लेस्टरहून · संध्या. ६.२०

मी मूळची साताऱ्याची, सध्या इंग्लंडमध्ये नर्स. मुंबईत चार वर्षं काम करून आले होते, तरी इथे पहिले काही आठवडे मला स्वतंत्र पेशंट दिले नव्हते. स्टाफच्या मोजणीत मला धरतच नव्हते, कारण मी शिकतेय. त्यानंतर काही महिने एक ठरलेली अनुभवी नर्स माझ्या मदतीला. नवीन पास झालेल्यांनाही असंच. हे कोणाचे उपकार नसतात, रोस्टरमध्ये तसं लिहिलेलं असतं. अर्थात इथेही माणसं कमी पडली की पहिली कात्री यालाच लागते, इथलं सगळं गोड आहे असं समजू नका.

श्वासाबद्दल अनुमोदन. इथे श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप आणि शुद्ध यांना गुण देऊन बेरीज करतात. ती सातवर गेली की डॉक्टरला बोलवावंच लागतं. “मला काळजी वाटतेय” असं म्हणायची गरज उरत नाही, आकडा सांगायचा. नवीन मुलीला याचा फार आधार होतो, कारण रात्री तीनला सीनियर डॉक्टरला उठवायची भीती जगात सगळीकडे सारखीच.

आरएमओ_होतो · संध्या. ७.०५

डॉक्टर बाजू. ती भीती आम्हीच तयार केलीय, कबूल. मीही रात्री फोनवर खेकसलोय. पण फोन कसा येतो तेही सांगतो. “सर, ९ नंबरला बरं वाटत नाहीये.” यावर मी काय करू? झोपेतून उठलेल्या माणसाला “तिसऱ्या मजल्यावरून बोलतेय, ९ नंबर, साठ वर्षांचे, परवा आतड्याचं ऑपरेशन झालंय, तासाभरापूर्वी श्वास १८ होता आता ३०, बीपी ९० वर ६०, पोट ताठ लागतंय, तुम्ही येऊन बघा” असं कोणी सांगितलं तर तो पँट चढवत चढवतच ऐकतो. शेवटचे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. काय हवंय ते नर्स सांगतच नाहीत, आम्ही ओळखावं अशी अपेक्षा असते. फोन करण्याआधी चार्ट समोर धरा आणि कागदावर तीन ओळी लिहा. तरी कोणी खेकसलं तर वेळ टाकून नोंद करा: अमुक वाजता कळवले. दुसऱ्या दिवशी आवाज आपोआप मऊ होतो.

पांढरीपाटी · संध्या. ७.२२

वा डॉक्टर! म्हणजे खेकसलेलं आम्ही लिहायचं, आणि सकाळी मॅट्रनसमोर आम्हीच उभं राहायचं.

आरएमओ_होतो · संध्या. ७.३०

नाकारत नाही.

मोगरा_वसई · रात्री ९.१०

मी सोडलं नर्सिंग. आठ महिन्यांत. काम आवडायचं, पण जॉइन करताना मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतली आणि दोन वर्षांच्या बाँडवर सही घेतली. सोडायचं म्हटल्यावर पैसे मागितले. शेवटी बाबांनी वकिलाची नोटीस पाठवल्यावर कागद परत मिळाले. लातूरकरीण, तुझी मूळ कागदपत्रं कुठे आहेत? धाग्याचा विषय नाही, पण आधी ते बघ. तपासायला दाखव, झेरॉक्स दे, मूळ प्रत देऊ नकोस. पाहिजे तेव्हा सोडून जाता येतं हे माहीत असलं की “मला हे येत नाही” असं तोंडावर सांगायची हिंमतही येते. मला ती कधी झालीच नाही.

लातूरकरीण · रात्री ९.२५

ताई, माझे मूळ कागद माझ्याकडेच आहेत. एवढ्या बाबतीत नशीब.

नवी_जीएनएम · रात्री १०.००

मीपण पुढच्या महिन्यात जॉइन होतेय. कुणी इन्सुलिनच्या सिरिंजचं सांगेल का? लाल टोपी आणि केशरी टोपी. कॉलेजात एकच दाखवली होती.

वऱ्हाडी ब्रदर · रात्री १०.१८

चांगलं विचारलं, यातही माणसं मरतात. आपल्याकडे साध्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) बहुतेक ४० युनिटवाल्या, म्हणजे एका एमएलमध्ये ४०. त्यांना लाल टोपीची सिरिंज. पेनची कार्ट्रिज आणि काही व्हायल १०० युनिटच्या, त्या व्हायलला केशरी टोपी. १०० चं औषध लाल टोपीत ओढलं आणि ४० च्या खुणा बघितल्या तर पेशंटला अडीचपट इन्सुलिन जाते. टोपी डस्टबिनमध्ये गेली की रंग दिसत नाही, म्हणून सिरिंजवर छापलेलं आणि बाटलीवरचं, दोन्ही मोठ्याने वाचायचं. दुसऱ्या कोणाला तरी दाखवायचं. रात्री कोणी नसेल तर मावशीला वाचायला लावा. मी लावतो. आमच्या मावशी सातवी शिकलेल्या आहेत, त्यांनी माझी एक चूक पकडलीय.

आणि थेंबांचा हिशेब पाठ करा. ५०० एमएल सहा तासांत, २० थेंबांचा सेट: ५०० गुणिले २०, भागिले ३६०, म्हणजे मिनिटाला २८ थेंब. मायक्रोसेटला तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब, तिथे डोकं लावायचं कामच नाही. सेटच्या पाकिटावर किती थेंबांचा आहे ते छापलेलं असते, १५ चेही येतात.

शिकवणारी · रात्री १०.४०

हे गणित माझ्या प्रत्येक बॅचने परीक्षेत बरोबर सोडवलंय. वॉर्डात घड्याळ धरून थेंब मोजणारी मुलगी मात्र वर्षाला एखादीच दिसते. पुढच्या सोमवारपासून मीच त्यांना घेऊन उभी राहणार आहे, आणि एका मुलीला एकदम चार पेशंट देऊन बघणार आहे. प्राचार्यांची परवानगी मागत बसले तर सेमिस्टर संपेल.

लातूरकरीण · नऊ दिवसांनी, सकाळी ९.५०

नाइट करून आत्ताच आलेय. धागा पूर्ण वाचला, दोनदा.

निवृत्त मॅडम, तुमचं ऐकून ओव्हर खाटेशी घेतेय. संध्याकाळच्या सिस्टर वैतागतात, त्यांची बस असते. पण घेते. ब्रदर, केसीएलचं मी आमच्या इनचार्जना सांगितलं. माझी चूक सांगूनच सांगितलं. दोन मिनिटं पोटात धस्स झालं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण परवा येऊन बघते तर अँप्यूल ट्रॉलीतून उचललेले आणि आतल्या कपाटात ठेवलेले. लाल स्टिकर नाही, बँडेजची पट्टी चिकटवून वर मार्करने लिहिलंय. चालेल.

काल रात्री ५ नंबरच्या आजी. बीपी ठीक, ताप नाही. “झोप लागत नाही गं” एवढंच म्हणत होत्या. श्वास मोजला तर ३२. परत मोजला, ३२. कागदावर तीन ओळी लिहिल्या आणि फोन केला. शेवटी “तुम्ही येऊन बघा” म्हणाले, आवाज कापत होता पण म्हणाले. डॉक्टर आले, खेकसले नाहीत. आजींना आयसीयूत हलवलं. सकाळी मी खाली जाऊन बघून आले, मास्क लावलेला होता, मला ओळखलं नाही त्यांनी.

पेशंट अजून १४ च आहेत. त्यावर काही उपाय असेल तर सांगा. आणि आज पुन्हा नाइट आहे, तर दिवसा झोप कशी लागते तेही सांगा, हॉस्टेलच्या मागे बांधकाम चालू आहे.

निवृत्त परिसेविका · सकाळी १०.३०

खिडकीला जुनी चादर डबल करून लाव. कानात कापूस. पोटभर पोहे खाऊन मग झोप, उपाशी झोपू नकोस. आणि १४ चं इनचार्जना लेखी दे. एकटीने देऊ नको, चौघींच्या सह्या घे आणि तारीख टाकून एक प्रत स्वतःकडे ठेव. दुसरा पेन आहे ना खिशात? एक डॉक्टर घेऊन जातात.

आरएमओ_होतो · सकाळी १०.५५

हेही नाकारत नाही.